मॉनिटरवर सुरळीत, वॉलवर झटके: दोन ग्राफिक्स कार्डांच्या एका सेटअपचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती: "मॉनिटरवर एकदम मस्त चालतंय, वॉलवर झटके खातंय."

तक्रार करणारे कराडजवळचे एलईडी वॉलवाले. सभा, हरिनाम सप्ताह, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम अशी त्यांची कामं. चार कॅमेरे, मिक्सिंगचा एक कॉम्प्युटर आणि स्टेजमागे वॉल, म्हणजे एलईडी दिव्यांचा मोठा पडदा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मशीनवर बसणारा ऑपरेटर तरुण आहे, हाताला चलाख आहे आणि तक्रार नेमकी त्यानंच मांडली होती. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की वॉलवरचं चित्र थांबत थांबत सरकायचं. वक्त्याच्या नावाची खालची पट्टी धावताना अडखळायची. त्याच क्षणी ऑपरेटरच्या समोरच्या मॉनिटरवर तेच चित्र लोण्यासारखं चालायचं. रेकॉर्डिंग उघडून पाहिलं तर तेही स्वच्छ. मिक्सिंगचं सॉफ्टवेअर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० सुटी चित्रं, दाखवत होतं आणि गळलेल्या फ्रेमच्या रकान्यात शून्य.

हा शून्य नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. सॉफ्टवेअर मोजतं ते त्यानं स्वतः काढलेल्या फ्रेम. फ्रेम काढून झाली आणि विंडोजच्या हवाली केली की त्याचं काम संपलं. ती फ्रेम पुढं कोणत्या पडद्यापर्यंत, किती उशिरानं पोचली याचा हिशेब त्या आकड्यात नसतो.

मांडणी अशी होती. २०१४ च्या सुमाराचा चार कोअरचा कॉम्प्युटर, चांगल्या बोर्डाचा. वरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेत, पडद्यासाठी चित्र काढणारं दमदार पण जुनं ग्राफिक्स कार्ड. त्याला तीन पोर्ट: डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. तिन्हींवर पडदे लागलेले: ऑपरेटरचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर, चारही कॅमेरे एकत्र दाखवणारा मल्टिव्ह्यू आणि स्टेजवर वक्त्यासमोर ठेवायचा रिटर्न मॉनिटर. मधल्या स्लॉटमध्ये कॅमेऱ्यांचं चित्र कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्ड. खालच्या स्लॉटमध्ये नंतर घेतलेलं, दुसऱ्या कंपनीचं, छोटं ग्राफिक्स कार्ड, आणि त्यावर फक्त वॉल.

हे दुसरं कार्ड घेण्यामागं कारण होतं. वॉलचा नवा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र घेऊन वॉलला देणारा डबा, ३८४०×२१६० म्हणजे फोर-के इनपुट घेतो आणि ते ६० हर्ट्झला द्यायचं तर एचडीएमआय २.० लागतं. जुन्या कार्डाचं एचडीएमआय १.४ चं, ते फोर-केला ३० हर्ट्झवर थांबतं. छोट्या कार्डाला एचडीएमआय २.० होतं. शिवाय अण्णांचा समज असा की दोन कार्डं म्हणजे ताकद दुप्पट. दुकानदारानंही तेच सांगितलं होतं. कार्ड बसवलं, वॉल जोडली, चित्र आलं. झटकेही त्याच दिवसापासून आले.

आधी काय काय बदलून झालं होतं

मी पोचलो तेव्हा बरीच अदलाबदल होऊन गेली होती. लांब एचडीएमआय केबल काढून ऑप्टिकल फायबरची केबल घेतली होती, ती काही स्वस्त येत नाही. ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून झाले होते. प्रोसेसर परत पाठवायची बोलणी सुरू होती.

केबलवरचा संशय मला पहिल्यांदाच पटला नाही. एचडीएमआय केबल कमी पडली की चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, क्षणभर काळं होतं किंवा "नो सिग्नल" येतो. फ्रेम उशिरा येणं हा केबलचा आजारच नाही. केबलमध्ये फ्रेम साठवून ठेवायची सोय नसते, मग ती उशिरा कुठून देणार?

ड्रायव्हरांचं भांडण म्हणावं तर दोन कंपन्यांची कार्डं एका मशीनमध्ये नांदणं विंडोज ७ पासून चालत आलं आहे. त्याआधीच्या विंडोज विस्टामध्ये मात्र नव्या पद्धतीचा एकच डिस्प्ले ड्रायव्हर चालायचा. त्या काळात पोळलेले लोक अजूनही "दोन कंपन्या एकत्र नकोत" असं सांगतात. इथं दोन्ही कार्डं डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसत होती, कुठंही बिघाडाचं पिवळं चिन्ह नव्हतं.

ऑपरेटरनं एक गोष्ट सांगितली ती फार मोलाची होती. "दादा, रेकॉर्डिंग चालू केलं की जास्त अडकतं. आणि मी वॉल ५० हर्ट्झवर टाकून बघितली, तेव्हा जरा कमी झालं होतं." दोन्ही निरीक्षणं खरी होती. पण त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला होता की डिस्क जुनी झाली आहे आणि वॉलला ६० झेपत नाही.

मोजमाप

डोळ्यांनी "झटका" दिसतो, पण तो केवढा आहे ते कळत नाही. म्हणून गोडाऊनमध्येच वॉलची चार कॅबिनेट, म्हणजे चार तुकडे, उभी केली आणि सेकंदाला ६० फ्रेमची एक चाचणी क्लिप लावली. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी उभी रेघ सरकते आणि प्रत्येक फ्रेमवर तिचा क्रमांक छापलेला असतो. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेमनं, आधी मॉनिटरचं आणि मग वॉलचं चित्रण केलं.

गणित सरळ आहे. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर मोबाइलच्या चित्रणात प्रत्येक क्रमांक चार फ्रेम दिसला पाहिजे, मग पुढचा. रिटर्न मॉनिटरवर तसंच होतं: चार, चार, चार, चार. वॉलच्या चित्रणात बोटानं एकेक फ्रेम पुढं सरकवत गेलो तर चार, आठ, चार, आठ, बारा, चार. मधले क्रमांक दिसलेच नाहीत. ३१७ नंतर थेट ३१९, मग ३२२. (एलईडी वॉलचं असं चित्रण करताना काळ्या आडव्या पट्ट्या दिसतात. ते पॅनेलच्या स्कॅनिंगमुळं होतं, तिकडं लक्ष द्यायचं नाही. क्रमांक कधी बदलतो तेवढंच पाहायचं.) म्हणजे फ्रेम वॉलपर्यंत पोचतच नव्हत्या, आणि सॉफ्टवेअरला त्याची खबर नव्हती.

मग दोष प्रोसेसरचा की कॉम्प्युटरचा? वॉलची केबल काढून तिच्या जागी छोट्या कार्डाला एक फोर-के टीव्ही लावला. टीव्हीवरही तेच झटके. प्रोसेसर निर्दोष ठरला आणि अण्णांनी तिथल्या तिथं फोन करून परतीची बोलणी थांबवली.

त्याच टीव्हीचं रिझोल्यूशन १९२०×१०८०, म्हणजे फुल एचडी, केलं आणि झटके गेले. पुन्हा फोर-के केलं, पुन्हा आले. इथून पुढं संशय एकाच गोष्टीवर राहिला: डेटा नेण्याच्या वाटेवर.

वाट किती रुंद आहे

जीपीयू-झेड नावाची छोटी मोफत युटिलिटी उघडली. त्यात "बस इंटरफेस" असा रकाना असतो. कार्ड कोणत्या वेगाचं आहे आणि सध्या कोणत्या वेगानं जोडलं आहे, दोन्ही तिथं दिसतं. निवांत बसलेलं कार्ड वीज वाचवायला लिंकचा वेग कमी करतं, त्यामुळं रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर थोडा भार टाकायचा आणि मगच आकडा वाचायचा. भाराखाली छोट्या कार्डानं दाखवलं: पीसीआय एक्सप्रेस २.०, चार लेन. पीसीआय एक्सप्रेस ही कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी, आणि लेन म्हणजे तिच्यातली डेटाची एकेक मार्गिका.

कार्ड काढून स्लॉटमध्ये टॉर्च मारला. बाहेरून तो पूर्ण लांबीचा, सोळा लेनचा वाटतो. आत मात्र धातूच्या पिना निम्म्याहून कमी लांबीपर्यंतच होत्या, पुढं नुसतं प्लास्टिक. बोर्डाच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलं होतं: हा स्लॉट चार लेनचा आहे आणि तो चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून येतो. वरचे दोन स्लॉट थेट सीपीयूला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपला जोडलेले, ३.० वेगाचे.

आता हिशेब. फोर-के फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ३३ एमबीची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास १.९९ जीबी. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन एका दिशेनं सेकंदाला ५०० एमबी नेते, चार लेन २ जीबी. हा कागदावरचा आकडा. प्रत्येक पाकिटाला पत्ता आणि तपासणीचा मजकूर चिकटतो, तो वजा केला की हाती बरंच कमी उरतं. १.९९ जीबी तिथून जाणं शक्यच नव्हतं. फुल एचडीला मात्र सेकंदाला सुमारे ०.५ जीबी लागतात, ते आरामात जातात. टीव्हीचं रिझोल्यूशन उतरवल्यावर झटके का गेले, त्याचं उत्तर हे.

ऑपरेटरची दोन्ही निरीक्षणंही इथं जागेवर बसली. ५० हर्ट्झला मागणी १.६६ जीबीवर येते, मर्यादेच्या बरीच जवळ, म्हणून "जरा कमी". आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर चिपसेट आणि सीपीयू यांच्यामधली जोडणीसुद्धा या बोर्डावर तेवढीच, २ जीबीची, आणि साटा डिस्क, यूएसबी, नेटवर्क सगळं त्याच एकपदरी पुलावरून जातं. रेकॉर्डिंगचा डेटा मेमरीतून डिस्ककडं जातो आणि वॉलचं चित्र मेमरीतून छोट्या कार्डाकडं, दोन्ही एकाच दिशेनं. रेकॉर्डिंगचा भार मोठा नव्हता, पण काठोकाठ भरलेल्या वाटेवर तेवढाही पुरला. डिस्कमध्ये काहीही बिघाड नव्हता.

पण फ्रेम त्या वाटेनं जात होती कशाला?

अण्णांचा प्रश्न रास्त होता. "वॉल छोट्या कार्डावर आहे तर छोटं कार्डच काढेल ना तिचं चित्र?"

नाही काढत. मिक्सिंगचं सॉफ्टवेअर सुरू होताना एक कार्ड निवडतं आणि चारही कॅमेरे, पट्ट्या, ग्राफिक्स यांचं सगळं मिश्रण त्याच कार्डाच्या मेमरीत करतं. आउटपुटची खिडकी दुसऱ्या कार्डाच्या पडद्यावर नेली म्हणून काम तिकडं सरकत नाही. विंडोजमध्ये पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या जुळवून अंतिम चित्र बनवणारा घटक म्हणजे डेस्कटॉप विंडो मॅनेजर. त्याला ती खिडकी छोट्या कार्डाच्या पडद्यावर दाखवायची असते आणि तिची फ्रेम असते मोठ्या कार्डाच्या मेमरीत. मग प्रत्येक फ्रेम मोठ्या कार्डातून कॉम्प्युटरच्या मेमरीत उतरते आणि तिथून छोट्या कार्डात चढते. हे सेकंदाला ६० वेळा.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स विभागात प्रत्येक ग्राफिक्स कार्डाचे वेगवेगळे आलेख असतात, त्यात एक "कॉपी" नावाचा असतो. आउटपुटची खिडकी हातानं ओढत ऑपरेटरच्या मॉनिटरवरून टीव्हीवर नेली. सीमा ओलांडताक्षणी मोठ्या कार्डाचा कॉपीचा आलेख वर चढला. परत आणली, खाली बसला. ऑपरेटरनं ती खिडकी बराच वेळ इकडून तिकडं नेऊन पाहिली. दहा वाक्यांत जे पटलं नसतं ते त्या आलेखानं पटवलं.

दोन कार्डांनी मिळून एकच चित्र काढण्याच्या पद्धती होत्या, एनव्हिडियाची एसएलआय आणि एएमडीची क्रॉसफायर. त्या प्रामुख्यानं गेमसाठी होत्या, एकाच कंपनीची जुळणारी कार्डं मागायच्या आणि आता मागं पडल्या आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं शेजारी बसवली तर पडदे लावायची पोर्ट वाढतात, ताकद वाढत नाही. वॉलचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानं दुसरं कार्ड घेण्याआधी एवढं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात लोकांचे खरेच पैसे जातात आणि कार्यक्रमात मान खाली जाते ती वेगळीच.

उपाय

पर्याय तीन होते. पहिला, सॉफ्टवेअरलाच छोटं कार्ड वापरायला सांगायचं. ते करून पाहिलं. कॉपी थांबली, पण चार कॅमेऱ्यांचं मिश्रण त्या कार्डाला झेपेना. आता सॉफ्टवेअरचाच गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढू लागला. दुसरा, छोटं कार्ड आणि कॅप्चर कार्ड यांच्या जागा बदलायच्या. मधला स्लॉट ३.० वेगाचा, आठ लेनचा, सेकंदाला जवळपास ७.९ जीबी नेणारा. चार कॅमेऱ्यांचा डेटा खालच्या स्लॉटला पेलला असता. हे चाललं असतं, पण प्रत्येक फ्रेमचा मेमरीतून हेलपाटा तसाच राहिला असता.

तिसरा पर्याय मला सगळ्यात सरळ वाटला: जे कार्ड चित्र काढतं त्याच कार्डावर सगळ्यात महत्त्वाचा पडदा लावायचा. मोठ्या कार्डाचं डिस्प्लेपोर्ट १.२ चं होतं आणि ते फोर-के ६० हर्ट्झ देऊ शकतं. प्रोसेसरला एचडीएमआय हवं, मग मध्ये अॅडॉप्टर. इथं जपायला लागतं. बाजारात मिळणारे साधे, पॅसिव्ह अॅडॉप्टर फोर-केला ३० हर्ट्झवर अडकतात. आत रूपांतर करणारी चिप असलेला अॅक्टिव्ह अॅडॉप्टर लागतो आणि त्यावर एचडीएमआय २.० किंवा फोर-के ६० असं लिहिलेलं बघून घ्यायचं. नव्या कार्डाच्या तुलनेत तो किरकोळ किमतीत मिळतो.

डिस्प्लेपोर्टवर होता ऑपरेटरचा मॉनिटर. तो डीव्हीआयवर ६० हर्ट्झला न्यायचं ठरलं तेव्हा पोरगा नाराज झाला. "दादा, १४४ चा घेतलाय मुद्दाम." त्याला समजावलं की कॅमेऱ्यातून येणारं चित्र त्याहून खूप कमी फ्रेमचं आहे, जास्तीच्या हर्ट्झचा या कामात उपयोग नाही. शिवाय विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीच्या आधी वेगवेगळ्या हर्ट्झचे मॉनिटर एकत्र लावले की एकामुळं दुसऱ्यावर अडखळ यायची. हे मशीन त्याहून जुन्या आवृत्तीवर होतं, तीही अद्ययावत केली. मल्टिव्ह्यू फुल एचडीचा, तो गेला छोट्या कार्डावर. त्याला अर्धा जीबी पुरतो आणि तिथं एखादी फ्रेम उशिरा आली तरी कुणाचं काही अडत नाही.

केबल बदलून मशीन सुरू केलं आणि सगळं आधीपेक्षा वाईट झालं! वॉल अडखळते, ऑपरेटरचा मॉनिटरही अडखळतो. अण्णांचा चेहरा उतरला. कारण डिस्प्ले सेटिंग उघडताच सापडलं. पोर्ट बदलल्यावर विंडोजनं पडद्यांची नव्यानं मोजणी केली होती आणि मल्टिव्ह्यूला मुख्य डिस्प्ले करून टाकलं होतं. मुख्य डिस्प्ले ज्या कार्डावर असतो ते कार्ड विंडोजच्या यादीत पहिलं येतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर बहुतेक सॉफ्टवेअर पहिलं कार्ड उचलतं. म्हणजे आता सगळं मिश्रण छोटं कार्ड करत होतं आणि वॉलच्या फ्रेम उलट दिशेनं, त्याच अरुंद वाटेनं वर चढत होत्या. ऑपरेटरचा मॉनिटर मुख्य केला, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मोठं कार्ड नावानिशी निवडलं आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. कार्ड सुरुवातीलाच निवडलं जातं, चालू असताना सेटिंग बदलून काही होत नाही.

पुन्हा मोबाइलचं चित्रण. वॉलवर चार, चार, चार, चार. रेकॉर्डिंग सुरू केलं, तरी चार.

चाचणी क्लिप निर्दोष चालली, पण कॅमेरा फिरताना बारीकशी थरथर शिल्लक होती. ती वेगळी गोष्ट निघाली. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, दिवे लुकलुकू नयेत म्हणून कॅमेरे ५० वर लावलेले, आणि वॉल ६० वर. पाच फ्रेम सहा जागांत बसवायच्या म्हणजे दर पाचांतली एक दोनदा दिसणार, सेकंदाला दहा वेळा. सॉफ्टवेअर आणि वॉल दोन्ही ५० वर आणले आणि थरथर गेली. ऑपरेटरनं आधी हेच करून पाहिलं होतं. त्या वेळी मोठ्या दोषाखाली हा छोटा दोष झाकलेला होता, म्हणून "जरा कमी" एवढंच दिसलं.

शेवटचं काम जनरेटरचं. कार्यक्रमात वीज गेली की प्रोसेसर बंद पडतो, विंडोजला वाटतं पडदाच काढून घेतला, आणि खिडक्या व मुख्य डिस्प्ले यांची पुन्हा उलथापालथ होते. पडदा आपली ओळख ग्राफिक्स कार्डाला ज्या छोट्या नोंदीतून देतो तिला ईडीआयडी म्हणतात. ती धरून ठेवणारं एक छोटं एम्युलेटर मधे लावलं, यूएसबीवर चालणारं, आणि ते यूपीएसवर घेतलं. प्रोसेसर बंद करून, चालू करून पाहिलं. आउटपुटची खिडकी जागची हलली नाही.

मशीनच्या मागं प्रत्येक पोर्टशेजारी आता पट्टी चिकटवली आहे, कोणता पडदा कुठं ते लिहून. निघताना अण्णांनी विचारलं, स्टेजच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक फोर-के वॉल लावायची झाली तर तिसरं कार्ड कोणतं घेऊ? त्यांना सांगितलं की तिसरं नको आणि दुसरंही काढून टाका. वरच्या स्लॉटमध्ये एकच कार्ड घ्या, चार आउटपुटांचं, तीन फोर-के ६० एकाच वेळी देणारं. घेण्याआधी त्याच्या कागदावर एका वेळी किती पडदे चालतात तो आकडा पाहा, नुसती पोर्ट मोजू नका.